तीन लिंबांचा नवरदेव

…आणि घोडी हलली, बँडवाल्यांनी ढोल बडवायला घेतला, अन् इकडे तुळशीराम ढसाढसा रडायला लागला. काल इथपर्यंत आलो होतो आपण, तेवढ्यात चहा आला अन् गोष्ट राहून गेली. तर आता पुढे ऐका.

घोडीवर बसला होता माझा धाकटा भाऊ प्रकाश. तुळशीराम त्याचा काका नाही, मामा नाही, शेजारीसुद्धा नाही. पण रडत असा होता, जसं पोटची पोरगी सासरी चालली. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. आमची माय तर पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पाह्य व, परका माणूस, पण किती जीव लावते!"

मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काहून रडून राहिला बे? प्रकाश उद्या वापस येणार हाय."

तुळशीरामनं नाक पुसलं. "प्रकाश येईन गा, श्रावणभाऊ. माही सुरी कोण्या तोंडानं येईन?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो प्रकाशकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता प्रकाशच्या हातातल्या सुरीकडे, अन् सुरीच्या टोकाला खोचलेल्या त्या पिवळ्याधमक लिंबाकडे.

आमच्याकडे एकदा हळद लागली की नवरदेवाच्या हातातून लोखंड सुटत नाही. अन् लोखंडाच्या टोकाला लिंबू. काय वाईट नजर यायची ती लिंबानं खावी, नवरदेवाला लागू नये. जेवताना सुरी मांडीवर, झोपताना उशाशी. मोठ्या घरी कट्यार असते. पण आमच्या तिगावात कट्यार कुठली? घरोघरी विळ्या. अन् विळी हातात घेऊन घोडीवर बसलेला नवरदेव कोणी पाहिला आहे का? मग काय, ज्याच्या घरी लग्न निघालं तो आधी ब्राह्मणाकडे जायचा तारीख काढायला, अन् तिथून सरळ तुळशीरामाकडे, सुरी मागायला.

हा तुळशीराम भांगे होता कलमवाला. आमच्या संत्र्याच्या मुलखात संत्र्याचं झाड संत्र्याच्या बीपासून करत नाहीत. आधी जंबेरी लावतात. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं मोठं लिंबू, इतकं आंबट की नुसतं नाव काढलं तरी दात शिवशिवतात. तिच्या रोपाच्या सालीला नाजूक चीर द्यायची, चांगल्या संत्र्याचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, काढून त्या चिरेत बसवायचा अन् पट्टीनं बांधून टाकायचा. पाय जंबेरीचे, डोकं संत्र्याचं. तुळशीराम हिवाळाभर सायकलवर पांढुर्णा ते सौसर फिरायचा अन् बागोबाग डोळे बांधायचा. आता चीर नाजूक पाहिजे म्हटल्यावर सुरी कशी पाहिजे? तीच तर गोष्ट आहे.

त्याची सुरी पांढुर्ण्याच्या लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानीतून, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून, काढलेली. आठ बोटांचं पातं, शिसवी मूठ, मुठीला पितळेची कडी. बाजारात तेव्हा स्टेनलेसचे चाकू यायला लागले होते. तुळशीराम त्यांच्याकडे असं पाहायचा, जसं पहिलवान बारक्या पोट्ट्याकडे पाहतो. पण हे कमानीचं पोलाद नवं असताना आरशासारखं चमकते अन् जरा दमट हवा लागली की तांबडं होते. मग तुळशीराम त्याला रंग द्यायचा.

"गंज दोन जातीचा असते, श्रावणभाऊ," तो मला सांगायचा. हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की माझ्या बैलांनासुद्धा पाठ झालं असेल. "तांबडा गंज लोखंडाले खाते. काळा गंज लोखंडाले राखते. काळा आधीच बसवून देला, का तांबड्याले जागाच राहत नाही."

अन् तो काळा बसवायचा सोहळा! अहो, लोक सत्यनारायणाला एवढी तयारी करत नाहीत. आधी रिठ्याच्या पाण्यानं पातं धुवायचं, तेलाचा अंश राहू द्यायचा नाही. त्यानंतर पात्याला कोणी बोट लावलं तर तुळशीराम त्याचा हात धरायचा. कारण बोटाला अंगाचं तेल असते, अन् जिथं तेल तिथं रंग धरत नाही. मग जंबेरीचा रस फडक्यातून गाळायचा, चुलीवर कोमट करायचा, काचेच्या बरणीत ओतायचा अन् काडीला दोरा बांधून पातं त्यात अधांतरी सोडायचं. बरणीला टेकलं तर डाग. रसाचे बुडबुडे पात्याला चिकटले तर ठिपके. म्हणून बरणीसमोर मांडी घालून, पाळणा हलवल्यासारखा तो दोरा हलवत बसायचा. मधून मधून पातं बाहेर काढायचं, धुवायचं, आंबट मरावं म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं सुटा काळपटपणा पुसायचा, अन् परत बरणीत. पहिल्यांदा रंग यायचा गढूळ पाण्यासारखा. मग पारव्याच्या पाठीसारखा. अन् मारुतीची मर्जी असली तर शेवटी यायचा पिकल्या जांभळावर धुरकट साय असते ना, तसा. टोकापासून मुठीपर्यंत एकसारखा, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. मग जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा अन् उरलेलं पुसून टाकायचं. कुठं मुगाएवढा डाग दिसला, की सगळं घासून काढायचं अन् पहिल्यापासून सुरू!

आता एवढ्या लाडाच्या पात्यावर कोणी दोन-दोन दिवस लिंबू खोचून ठेवलं तर? टोक काळंकुट्ट, त्याच्याखाली पांढरं कडं, अन् रसाचा एक ओघळ मुठीपर्यंत. सुरी घरी यायची ती बांड्या बैलासारखी. अन् नाही म्हणायची सोय नाही. नवरदेवाला लोखंड नाकारायला जीभ कोणाची वळेल? बिचारा द्यायचा, वरातीत रडायचा, अन् सुरी आली की रिठे भिजवायचा.

त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. एकदा त्यानं पात्याच्या टोकाला मेणबत्तीचं मेण थापून दिलं. वैशाखाचं ऊन. वरात गावाच्या वेशीशी येते न येते तो मेण वितळलं, लिंबू घसरलं अन् नवरदेवाच्या बाहीत शिरलं. नवरदेव घोडीवर असा नाचला की लोकांना वाटलं हौशी आहे, अन् बँडवाल्यांनी चाल बदलली.

पण खरी मजा झाली आमच्या गावच्याच हेमंतच्या लग्नात. तुळशीरामानं पांगाऱ्याच्या लाकडाचं लिंबू कोरलं, बैलबंडीचा उरलेला पिवळा रंग त्याला लावला, अन् ते सुरीला खोचून दिलं. दुरून ओळखायची कोणाची टाप नव्हती. फक्त एक गोष्ट तो विसरला. मांडवाच्या दाराशी ते लिंबू काढून नवरदेवानं पायाखाली फोडायचं असते. हेमंतनं टाच मारली. लिंबू जसंच्या तसं. पाहुणे पाहायला लागले. हेमंतला आला राग, त्यानं दोन्ही पायांनी उडी मारली. लिंबू गोटीसारखं सटकलं अन् त्याच्यावरून हेमंत जो घसरला तो बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर घोड्यावर बसावा तसा बसला. मुलीकडच्यांना वाटलं ही तिगावची रीत असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या! अन् त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणतो, "तुमच्याकडे ढोलावर दोन्ही जण बसतात का फक्त नवरदेव?"

तर असा तुळशीराम. साऱ्या गावाची लग्नं त्याच्या सुरीनं लागली अन् हा तिशी ओलांडून बिनलग्नाचा. मुलगी पाहायला गेला की सुरीचंच पुराण लावायचा. एका ठिकाणी तर मुलीच्या बापाला त्यानं विचारलं, "रिठे घरचे का बाजारचे?" त्याची माय यमुनाबाई दर शनिवारी जामसावलीला जायची, मारुतीपुढं हात जोडायची. अन् मारुतीनं ऐकलं. सौसरचं स्थळ आलं.

मुलीचं नाव मालती. आई लहानपणीच गेलेली, मावशीनं वाढवलेली. बोलणीला तुळशीराम, यमुनाबाई अन् मी असे तिघं गेलो. ही मावशी म्हणजे वच्छलाबाई. त्या घरात शिरलो अन् माझे डोळे दिपले. हंडा चमकते, पाणी भरायची पितळी गुंड चमकते, दाराची कडी चमकते. चिंच अन् राख घेऊन ही बाई जे दिसेल ते घासायची. अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिच्याकडे पाहूनही मला वाटलं, हिलाही आठवड्यातून एकदा घासत असतील.

पोहे आले, वर लिंबाची फोड. मालती मान खाली घालून उभी. यमुनाबाई नाव-गाव विचारत आहे. अन् आमचा नवरा मुलगा काय करत आहे? फोड उचलून उजेडात धरून पाहत आहे! पुढून पाहिली, मागून पाहिली, हुंगली. मी त्याला ढोसलं. त्याचं लक्षच नाही.

"ह्या घरची विळी कोण सांभाळते?" त्यानं विचारलं.

वच्छलाबाई चपापल्या. "मालतीच सांभाळते. मले हातसुद्धा लावू देत नाही. कोठीच्या मागं लपवून ठेवते."

"पसंत!" तुळशीराम म्हणाला.

"अगा, मुलीकडे पाह्य तं आधी!" यमुनाबाई ओरडली.

"फोड पाह्यली ना. कोऱ्या लोखंडानं लिंबू कापलं का फोडीची कड काळी पडते अन् लोखंडाचा वास येते. ह्या फोडीले ना कड, ना वास. ह्या विळीवर रंग चढवलेला हाय." अन् मग त्यानं पहिल्यांदा मालतीकडे पाहिलं. मालतीही पाहत होती. ओठ दाबून, पण डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

एवढ्यावर उठलो असतो तर काम झालं होतं. पण तुळशीरामला चढला हुरूप. त्यानं कमरेची सुरी काढून कौतुकानं वच्छलाबाईपुढं धरली. "आमची सुरी पाहा, मावशी. लग्नात हेच हातात राहीन."

वच्छलाबाई एकदम मागं सरकल्या. "अव माय! काळी? मांडवात काळं लोखंड?" अन् खरं सांगतो, त्यांचा हात आपोआप चिंचेच्या वाटीकडे गेला. तुळशीरामनं सुरी अशी पोटाशी धरली जसं कुत्र्यापुढून लेकरू उचलावं.

"हे पाहा जवाईबापू," वच्छलाबाई म्हणाल्या, "मुलगी देली. पण नवरदेवाच्या हातातलं लोखंड आरशासारखं पाहिजे. मले त्यात माह्यं तोंड दिसलं पाहिजे. काळं घेऊन आले, तं वरात आल्या पावली वापस."

तुळशीराम काही बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

वापस येताना बसमध्ये मी त्याला समजावत होतो. "घासून टाक ना बे. लग्न झाल्यावर चढव परत रंग."

"घोडीची शेपटी कापून वरातीत आणशीन का तू, मागून वाढते म्हणून?"

"मग दुसऱ्या कोणाची सुरी ने."

"साऱ्या गावाच्या लग्नात माही सुरी, अन् माह्या लग्नात परायी? साऱ्याइच्या लिंबाचे डाग मी काढले, श्रावणभाऊ. माह्या लग्नात ते रंगीतच जाईन. एकसारखी!" मग खिडकीतून बाहेर पाहत हळूच म्हणाला, "अन् मालतीही पाहिजे. तिच्यासारखी विळी राखणारी परत भेटणार नाही."

झालं. हे पाहिजे अन् तेही पाहिजे. लग्न वैशाखात, अन् तुळशीराम दिवसभर बरणीपुढं बसून दोरा हलवते अन् विचार करते. रंग तर असा चढला होता की मी आजवर पाहिला नाही. पण रंग जितका चांगला, तितका वच्छलाबाईच्या डोळ्यांत खुपणारा. अन् वरून त्याच्या स्वतःच्या लग्नाचं लिंबू त्याच पात्यावर डाग पाडणार, ते दुःख वेगळंच.

एक दिवस मी बागेत पाणी देत होतो. तुळशीराम शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं धावत आला, एका पायात चप्पल, दुसरी मागं राहिली.

"भेटलं! श्रावणभाऊ, भेटलं!"

"चप्पल भेटली?"

"अगा, उपाय भेटला! एक लिंबू डाग पाडते. काहून पाडते? कारण बाकीचं पातं मोकळं राहते. तीन लिंबं खोचले तं? टोकापासून मुठीपर्यंत, खांद्याले खांदा लावून! सारं पातं सारखंच आंबट पिईन, रंग सारखाच खुलीन. अन् काळं पातं त्या बाईले दिसणारच नाही!"

मी हसत हसत पाटात बसलो. खरंच बसलो, धोतर भिजलं. पण पाहा, माणसाचं डोकं! एका दगडात नाही, तीन लिंबांत दोन्ही कामं.

वरात मेटॅडोरनं सौसरला निघाली. तुळशीराम बाशिंग बांधून पुढच्या सीटवर, हातात ती सुरी, अन् सुरीवर तीन गलेलठ्ठ लिंबं. दुरून पाहणाऱ्याला वाटावं नवरदेव भज्यांची सळई घेऊन चालला आहे. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "तीन काहून?" अन् तुळशीराम गंभीर तोंडानं सांगायचा, "नजर जास्त हाय."

मांडवाच्या दाराशी वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. हिरवंगार नवं लुगडं, ताट सूर्यासारखं घासलेलं. पहिलं वाक्य हेच, "सुरी दाखवा."

तुळशीरामनं सुरी पुढं केली. लिंबू, लिंबू, लिंबू अन् खाली मूठ. वच्छलाबाईंनी डावीकडून वाकून पाहिलं, उजवीकडून वाकून पाहिलं. लोखंड काही दिसेना.

"एवढी लिंबं?"

आता आली का पंचाईत! मी खोकायला लागलो. तेवढ्यात यमुनाबाई पुढं झाली, जशी रोजचीच गोष्ट. "आमच्याकडची रीत हाय, विहीणबाई. एक लिंबू नवरदेवाचं, एक नवरीचं, अन् एक नवरीले ज्यानं वाढवलं त्याचं. तुमचं."

वच्छलाबाईंचा चेहरा असा उजळला, त्यांच्या हंड्यापेक्षाही. "माह्यं लिंबू? मावशीचं?" डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. "लय चांगली रीत हाय व तुमची." अन् त्या गडबडीत दाराशी लिंबू फोडायचंही कोणाला आठवलं नाही, वरात मांडवात घेतली.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार पडले. तुळशीरामाच्या तोंडावर असा आनंद की मारुतीनंही हसावं. अन् तेवढ्यात वच्छलाबाई उठल्या. "माह्या वाटचं लिंबू मीच काढीन, अन् मीच माह्या पोरीवरून उतरवून टाकीन."

"राहू द्या ना, मावशी!" तुळशीराम म्हणाला, पण उशीर झाला होता. मावशीचं लिंबू होतं सगळ्यात खालचं. तिन्ही एकदम ओढल्याशिवाय ते निघत नव्हतं. वच्छलाबाईंनी ओढलं. सुर्र्कन तिन्ही लिंबं हातात आली अन् लोखंडात दोन दिवस मुरलेला काळा रस पिचकारीसारखा उडाला. हात काळे, लुगड्यावर काळा ओघळ, नाकाच्या शेंड्यावर एक काळा थेंब.

"काळी! काळीच हाय! फसवलं मले!" वच्छलाबाई किंचाळल्या. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी धावत जाऊन त्यांना गप्प केलं.

पण तुळशीरामाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो सुरीकडे पाहत होता. लिंबाला लिंबू टेकलं होतं खरं, पण लिंबू गोल असते हो! जिथं टेकलं तिथं वेगळा रंग, जिथं पोट होतं तिथं वेगळा, अन् मधल्या फटींत तिसराच. पातं झालं होतं खारीच्या पाठीसारखं, पट्टेच पट्टे. नवरदेवानं बाहीनं एक पट्टा पुसून पाहिला, तो निघेना. एवढ्या लग्नांत रडला, पण असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मालतीनं तोंडावरच्या मुंडावळ्या दोन्ही हातांनी बाजूला केल्या, जशी बाई कामाला लागताना पदर खोचते.

"मावशी, फसवलं ते फसवलं. आता लग्न लागलं, वरात वापस जात नाही. तुले चमकती सुरी पाहिजे होती ना? मग घास."

"काय?"

"घास म्हटलं ना. जेवढी घासता येईन तेवढी घास. तुह्यं तोंड दिसेपर्यंत."

वच्छलाबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चिंच आली, राख आली, विटकरीची भुकटी आली. मांडवाच्या मधोमध बसून त्यांनी जे घासायला घेतलं, बांगड्यांचा आवाज बँडपेक्षा मोठा. तुळशीराम दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा. मी त्याला मागून धरून. शेवटी पातं असं चकाकलं की मांडवाच्या कनातीवर उजेडाची तिरीप नाचायला लागली. वच्छलाबाईंनी त्यात तोंड पाहिलं, नाकाचा काळा थेंब पुसला, कुंकू नीट केलं, अन् हसल्या. "आता कशी सुरी दिसते!"

"झालं समाधान?" मालती म्हणाली. "आता लोणच्यासाठी मोहरी फेसली होती ना तू, ते आण."

"लग्नात लोणचं सुचते व तुले?"

"लोणच्यासाठी नाई. यांच्या सुरीसाठी."

'यांच्या' म्हटल्याबरोबर साऱ्या बायका खुदखुदल्या. तुळशीरामनं डोळ्यांवरून एक हात काढला.

जेवणात कैरीचं लोणचं होतं, त्याची फेसलेली मोहरी पातेलंभर उरली होती. वच्छलाबाईच्या हातची मोहरी म्हणजे नाकातून सरळ टाळूला जाणारी. मालतीनं त्यात तीच तीन लिंबं पिळली, कालवली अन् पाटावर बसून पात्याला लिंपायला लागली. भिंतीला गिलावा करतात तशी, दोन्ही बाजूंनी जाड, सारखी, लोखंडाचा कण दिसू नये अशी. मग केळीचं पान गुंडाळून हळदीच्या दोऱ्यानं बांधून टाकलं. वच्छलाबाई पाहत होत्या. "माह्या मोहरीनं लोखंडालेही ठसका लागते का, पाहू दे," असं काहीसं पुटपुटल्या. अन् पोरीला निरोप देताना रडायच्याऐवजी जावयाला म्हणाल्या, "काय झालं ते मले कळवजा."

मेटॅडोर निघाली. नवरी मांडीवर केळीच्या पानाचं पुडकं घेऊन बसलेली, तिच्या बाजूला नवरदेव. नवरा-बायकोचं पहिलं बोलणं काय असते? लाजत लाजत, इकडचं तिकडचं. ह्यांचं पहिलं बोलणं आम्ही साऱ्या वऱ्हाडानं ऐकलं.

"पाहू का जरा?"

"हात लावू नका."

थोडं पुढे गेलो.

"एका कोपऱ्यातून?"

"हात लावू नका म्हटलं ना."

मग टायर पंक्चर झाला. वऱ्हाड खाली उतरून सावलीला बसलं. ड्रायव्हर घामानं निथळत होता अन् तुळशीराम त्याच्या मागं उभा राहून म्हणते, "घाई नको करू बापू, जरा मुरू दे." एरवी नवरदेवाला घरी जायची घाई असते!

तिगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात यमुनाबाई आधीच्या बसनं येऊन उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप, हातात पाण्याचा तांब्या. नवरा-नवरीवरून पाणी ओवाळून टाकायचं, मग नवरीनं माप ओलांडायचं. सारा मोहल्ला जमला होता. तीन लिंबांची बातमी वरातीच्या आधीच पोचली होती.

"थांब माय," तुळशीराम म्हणाला. "आधी सुरी."

"अगा, नवरी दारात उभी हाय!"

"नवरीच म्हणते."

मालतीनं मान हलवली अन् दोरा सोडला. पान उलगडलं. मोहरी वाळून खरपूस झाली होती. तुळशीरामनं मायच्या हातातला ओवाळायचा तांब्याच घेतला अन् पात्यावर धार धरली. काळं, पिवळं पाणी उंबऱ्यापुढं वाहिलं. मालतीनं माहेराहून पदराच्या टोकाला खायचा सोडा बांधून आणला होता, तो तिनं चोळला, परत पाणी, अन् मग तुळशीरामनं आपल्या लग्नाच्या नव्या उपरण्यानं पातं पुसलं.

जांभळावरची साय! टोकापासून मुठीपर्यंत, ह्या बाजूनं अन् त्या बाजूनं, जशी सांज उतरली होती पात्यावर. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. लोकांच्या तोंडून "हाss" निघालं. प्रकाश, ज्याच्या लग्नापासून मी सुरुवात केली तो, त्यानं तर टाळी वाजवली.

अन् मग मला दिसलं. मुठीच्या अगदी जवळ, एका बाजूला, गोरापान ठसा. अंगठ्याचा. रेषासुद्धा मोजून घ्याव्या इतका साफ. मोहरी लिंपताना मालतीनं तिथं धरलं होतं. हळदीचा हात, तेलाचा हात, तिथं रंग धरलाच नाही.

तुळशीरामालाही दिसला. मालतीलाही दिसला. तिनं आपला अंगठा मुठीत लपवला. यमुनाबाईनं डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं. मुगाएवढ्या डागासाठी अख्खी सुरी घासणारा माणूस, अन् हा डाग चांगला रुपयाएवढा! मीच शेवटी विचारलं, "काय तुळशीराम, भिजवू का रिठे? उद्या घासशीन?"

तुळशीरामनं सुरी उन्हात धरली, अंगठ्याचा तो ठसा जवळून पाहिला, लांबून पाहिला, मालतीकडे पाहिला, अन् जमलेल्या साऱ्या पोट्ट्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"घासू कायले? लेकराच्या गालाले तीट लावतात ना, तशी तीट हाय हे! आता माह्या सुरीले लिंबू लागत नाही. ज्याले लगन करायचं असन, त्यानं आपआपली विळी घेऊन घोडीवर बसावं!"